सोमवारचा तलाव

गावातला पोहण्याचा तलाव नऊ वर्षं बंद होता. त्या जागी प्रौढांसाठी आणि ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र करायचं असं नगरपालिकेने ठरवलं, तेव्हा पहिल्या बैठकीला सगळ्यांच्या आधी येऊन बसले ते मास्तर. सभा पाचला होती, हे चारलाच हजर. शिपायाने खोलीचं कुलूपसुद्धा त्यांच्या देखतच काढलं.

मास्तर म्हणजे शाळेतले मास्तर नव्हेत. तीस वर्षं त्यांनी त्या तलावावर गावाला पोहायला शिकवलं होतं. आज गावात ज्यांचे केस पिकले आहेत त्यांतल्या निम्म्यांची मान मास्तरांनी कधी ना कधी पाण्याखाली दाबली होती, आणि तेच लोक पुढे रस्त्यात भेटले की त्यांना वाकून नमस्कार करायचे. तलाव बंद पडला आणि मास्तरांचं सगळंच आटलं. घराच्या गॅलरीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चाल बघायची आणि याचा खांदा आखडलाय, त्याची कंबर गेलीय, असं बायकोला सांगत राहायचं, एवढंच काम उरलं. बायको ऐकायची की नाही, कोण जाणे.

समितीत पाच जण होते. अध्यक्ष होत्या मोठ्या बाई. मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, आणि अजूनही त्या खोलीत शिरल्या की नातवंडं झालेली माणसं हातातली सिगारेट विझवायची. दुसरे निवृत्त पोस्टमास्तर, तिसरे औषधवाले काका, चौथे आपले मास्तर. पाचवी एक तरुण आर्किटेक्ट होती. ती जिथे जाईल तिथे मापाची टेप काढून भिंत मोजायला लागायची.

गावातल्या म्हाताऱ्यांकडून सूचना मागवल्या, तर जणू धरणच फुटलं. पोस्टमास्तरांना पत्त्यांची खोली हवी होती, आणि तिला असं दार की बायकोची हाक आत येता कामा नये. औषधवाले काका खुर्च्यांना हात असलेच पाहिजेत म्हणून अडून बसले. हात नसलेल्या खुर्चीतून आपल्या वयाचा माणूस उठत नाही, त्याला उठवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. एका आजोबांनी लिहिलं होतं की एक खोली अशी ठेवा, जिथे कुणी कुणाला तब्येत कशी आहे म्हणून विचारणार नाही. बायकांनी एकमुखाने संडास मागितला. जवळ हवा आणि दार बाहेर उघडणारं हवं, म्हणजे आत कुणी पडलीच तर ओढून काढता येईल. आर्किटेक्ट सगळं लिहून घेत होती. महिन्याभरात तिने नकाशा आणला. त्यात वाचनालय होतं, पत्त्यांची खोली होती, दुपारी पडायला चार पलंग होते. फक्त तलाव नव्हता. तलावाच्या जागी मोठा चौकोन होता आणि आत लिहिलं होतं, ‘सभागृह’. खड्डा राडारोड्याने भरून वर फरशी घालायची, असा बेत होता.

तो बेत मोठ्या बाईंचा. का, ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी विचारलं नाही. बावीस वर्षांपूर्वी बाईंचे यजमान त्या तलावात गेले होते. रोज सकाळी पोहायला यायचे, त्या दिवशीही आले, मधोमध छातीत कळ आली आणि कुणाच्या लक्षात यायच्या आत तळाशी गेले. काठावरची जीवरक्षकाची उंच खुर्ची रिकामी होती. चौकशी झाली आणि जीवरक्षकाला काढून टाकलं. त्याला गाव पाणबुड्या म्हणायचं, कारण तळाशी पडलेलं नाणं तो एका दमात वर आणायचा. पाणबुड्या हा मास्तरांचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

खुर्ची रिकामी का होती, हे त्या चौकशीत कुणी सांगितलं नाही. सांगू शकणारी माणसं तीन होती. त्या सकाळी मास्तरांच्या घरी नवीन लाकडी कपाट आलं होतं, आणि टेम्पोवाला तीन मजले चढवायला तयार नव्हता. मास्तरांनीच मेहुण्याला खुर्चीवरून उतरवलं. म्हणाले, पाण्यात चारच माणसं आहेत, मी बघतो, तू अर्ध्या तासात कपाट वर टाकून ये. पाणबुड्या गेला. तो गेल्यावर ऑफिसातला फोन वाजला. मास्तर तो घ्यायला आत गेले आणि बोलत बसले. फोनवर कोण होतं हेसुद्धा आता त्यांना आठवत नसे.

नंतर मास्तरांनी मेहुण्याला कपडे बदलायच्या खोलीत नेऊन समजावलं. दोघांची नोकरी गेली तर दोन घरं उघडी पडतील. तू एकटा जीव, मला चार वर्षांची पोर आहे, ती तुझीही भाची आहे. वर्षभर कळ काढ, मी तुला परत आत घेतो. पाणबुड्याने मान हलवली. वर्ष गेलं, दुसरं गेलं. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं, कारण माणूस बुडत असताना जो जागेवर नव्हता त्याला मुलगी कोण देणार? तो गोदामात पोती उचलायला लागला. त्याच गोदामाच्या मागे एका खोलीत राहिला आणि वीस वर्षांत गुडघ्यांचं वाटोळं करून बसला. बहिणीच्या घरचं येणंजाणं तर आपोआपच तुटलं. लोक काय म्हणतील, म्हणून आधी मास्तरांनी नको म्हटलं, मग सवयच झाली.

तर नकाशात तलाव नाही हे पाहून मास्तरांचा जीव तीळतीळ तुटला. त्यांनी आकाशपाताळ एक केलं. म्हाताऱ्या सांध्यांना पाण्यासारखं औषध नाही, पाण्यात माणसाचं वजन उरत नाही, हे त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. आर्किटेक्टला पटवून शिडीऐवजी उतार आणि दोन्ही बाजूंना कठडा असलेला नवा नकाशा काढून घेतला. पोस्टमास्तर आणि औषधवाले काका त्यांच्या बाजूला आले. एकट्या मोठ्या बाई हलल्या नाहीत. आणि बाई हलल्या नाहीत तर काहीच हलणार नव्हतं.

एका दुपारी मास्तर त्या कोरड्या तलावाच्या काठावर उभे राहून उताराची जागा बघत होते. कुंपणाच्या फटीतून पाणबुड्या आत आला. जिना उतरणाऱ्या माणसासारखा एकेक पाय आडवा टाकत आला. साठीचा झाला होता, पण दिसायला मास्तरांहून थोरला दिसत होता. इकडचं तिकडचं न बोलता त्याने सरळ सांगितलं की डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यातला व्यायाम सांगितलाय. तलाव झाला तर त्यालाही ज्येष्ठांच्या तासाला यायचंय. पण मोठ्या बाई आहेत.

“दाजी, तुम्ही बाईंना एकदा सांगा ना,” तो म्हणाला. “आता तुमची नोकरीही राहिली नाही. पोरीचं लग्न झालं. आता सांगून कुणाचं काय जाणार आहे?”

मास्तर म्हणाले, बघतो.

“नोकरी मागत नाही. पाण्यात उतरू द्या एवढंच.”

मास्तर पुन्हा म्हणाले, बघतो. आणि खोटं नाही सांगत, त्या दुपारी त्यांच्या मनात सांगायचंच होतं. घरी जाईपर्यंत त्यांनी वाक्यही जुळवलं. दुसऱ्या दिवशी ते थोडं लहान केलं. तिसऱ्या दिवशी वाटलं, आधी तलावाचं नक्की होऊ दे, मग सांगू. एकदा नकाशावर सही झाली की बाईंना तरी काय करता येणार आहे?

आठवड्याने बाईंनी त्यांना घरी बोलावलं. बाईंचं घर त्यांच्या अक्षरासारखं होतं, एक वस्तू रेघेच्या बाहेर नाही. टेबलावर दोन्ही नकाशे शेजारी शेजारी पसरलेले. बाईंनी चहा दिला आणि मास्तरांनी पहिला घोट घेईपर्यंत त्या थांबल्या. मग म्हणाल्या, की त्यांनी पुष्कळ विचार केला. यजमानांना पाणी आवडायचं. आपल्या दुःखापायी गावाच्या म्हाताऱ्यांचं औषध बंद करणं बरं नव्हे. तलाव ठेवायला त्या तयार आहेत.

मास्तरांनी कप बशीत ठेवला.

“पण मी एक विचारणार आहे,” बाई म्हणाल्या, “आणि एकदाच विचारणार आहे. तुमचा मेहुणा त्या सकाळी खुर्ची सोडून कुठे गेला होता, हे तुम्हाला माहीत होतं का?”

बावीस वर्षांत असं सरळ कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांचं जुळवलेलं वाक्य जिभेवरच होतं. समोर नकाशावर निळ्या रंगाने भरलेला तलाव होता, उतार होता, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘प्रशिक्षकाची खोली’ असं लिहिलेलं होतं. मास्तरांनी ते वाचलं.

“नाही बाई,” ते म्हणाले. “मला न विचारताच गेला होता.”

चौकशीत ते फक्त गप्प बसले होते. आज पहिल्यांदा त्यांनी तोंडाने खोटं सांगितलं. आणि आश्चर्य म्हणजे ते जडही गेलं नाही. घसरगुंडीवरून उतरावं तसे ते शब्द उतरले.

बाईंनी कागद आणि पेन पुढे सरकवलं. मग लिहा, म्हणाल्या. त्यांनी सांगितलं आणि मास्तरांनी लिहिलं. सदर इसमाने कर्तव्यात कसूर केल्याने एका सभासदाचा जीव गेला, सबब त्यास या केंद्राच्या पाण्यात उतरण्यास कायमची मनाई राहील. खाली पाणबुड्याचं संपूर्ण नाव. ठराव मास्तरांनी स्वतः भर सभेत वाचून दाखवायचा, असंही बाईंनी सांगितलं. घरच्याच माणसाने वाचलेलं बरं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की अध्यक्षबाईंनी जुना दावा साधला. मास्तरांनी खाली सही केली. बाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला, एका शब्दावरचा राहिलेला अनुस्वार दाखवला, आणि मास्तरांनी तोही दिला.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. दीडशे-दोनशे म्हातारी माणसं, लोखंडी घडीच्या खुर्च्या, खोकले, मध्येच वाजणारे मोबाइल. पाणबुड्या शेवटच्या रांगेत बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, दाजींनी बाईंना सांगितलं असेल या आशेने. तलाव राहणार हे जाहीर झालं तेव्हा टाळ्या वाजल्या आणि त्यात त्याच्याही होत्या. मग मास्तर उठले आणि त्यांनी ठराव वाचला. आवाज त्यांचा मुळात मोठा, पाण्यावरून पलीकडच्या काठाला पोचणारा. त्यांना तो लहान करता आला नाही. मागच्या भिंतीपर्यंत प्रत्येक अक्षर गेलं. माना वळल्या. मोठ्या बाई मात्र समोर बघत होत्या, त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

कुणीतरी विचारलं, याला कुणाची हरकत आहे का? कुणाची नव्हती. पत्त्यांची खोली, हाताच्या खुर्च्या, बाहेर उघडणारं दार, ज्याला जे हवं होतं ते मिळालं होतं. एका माणसासाठी भरलेल्या ताटावरून कोण उठतो?

सभा संपल्यावर पाणबुड्या दाराशी थांबला होता. मास्तरांना वाटलं, आता हा बोलणार. सगळ्यांसमोर बोलणार.

“बरं, दाजी,” तो म्हणाला. “तलाव झाला, हे चांगलं झालं.” मग तो परत आत गेला आणि खुर्च्या मिटून भिंतीला लावायला लागला. तलावावर असताना हे काम त्याचंच असायचं. कुणी सांगितलं नव्हतं, हात तिकडे गेले, इतकंच.

घरी बायको दिव्याखाली तांदूळ निवडत बसली होती. ती सभेला आली नव्हती. वाचलंत का, एवढंच तिने विचारलं. ठराव आज वाचायचा आहे हे शेजारणीने तिला आधीच सांगितलं होतं. मास्तर हो म्हणाले आणि चपला काढायला वाकले.

“कपाट वर आणलं तेव्हा मी त्याला पाणी देत होते,” बायको मान वर न करता म्हणाली. “तो म्हणाला, पाणी नको ताई, दाजी एकटेच आहेत तिकडे. पळतच गेला.”

मास्तर वाकलेलेच राहिले. बावीस वर्षांत या घरात त्या सकाळबद्दल एक शब्द निघाला नव्हता. तिला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं, आणि त्यांना ते माहीत आहे हे तिलाही. दोघांनी मूग गिळून संसार केला होता, आणि तसा बरा केला होता.

“मग तेव्हा का नाही बोललीस?” त्यांनी विचारलं.

“तुमच्याच भाकरीवर मीही जगत होते,” ती म्हणाली. “माझ्या भावाच्या जिवावर आपण तिघांनी खाल्लं. मी काही वेगळी नाही.”

मास्तरांना वाटलं, आता ती रडेल, किंवा उद्या उठून बाईंकडे जाईल. तिने तसं काही केलं नाही. तांदूळ निवडून झाले, तिने खडे एका कागदात बांधले आणि केराच्या डब्यात टाकले. मग म्हणाली, त्याला तिथे काहीतरी काम लावून द्या. पोती उचलणं आता त्याच्याने होत नाही. काहीही द्या. म्हणजे मला डोळा लागेल.

ही गोष्ट मास्तरांना एकदम पटली. त्यांना हलकं हलकं वाटायला लागलं. आपण त्याच्यासाठी काहीतरी करतो आहोत, आणि कुणाचं काही बिघडतही नाही. दुसऱ्याच दिवशी ते साफसफाईच्या ठेकेदाराला भेटले. तलाव महिन्यातून एकदा, पहिल्या सोमवारी, रिकामा करून तळापासून घासायचा होता. त्या दिवशी केंद्र बंद राहणार होतं. मास्तरांनी बाईंनाही विचारलं, लपवून काही करायचं नव्हतं त्यांना. बाई म्हणाल्या, ठरावात पाण्यात उतरायला मनाई आहे, कोरड्यात नाही. पाणी सोडलं की त्याने बाहेर यायचं, आणि ते बघायची जबाबदारी तुमची.

पाणबुड्याने काम घेतलं. दाजींचे हात धरून आभार मानले. मास्तरांनी पाठीवर थाप मारली. त्या रात्री बायकोला खरोखर झोप लागली.

वर्षभरात केंद्र उभं राहिलं आणि छान चाललं. लोक सकाळी दार उघडायच्या आधी येऊन उभे राहायचे. पोस्टमास्तर पत्त्यांत रोज हरायचे आणि रोज भांडायचे. ज्येष्ठांच्या तासाला पंधरा-वीस जण पाण्यात असायचे. ज्यांना काठीशिवाय चालता येत नसे अशा बायका छातीपर्यंतच्या पाण्यात सरळ चालायच्या आणि शाळकरी मुलींसारख्या एकमेकींवर पाणी उडवायच्या. मास्तर शिट्टी गळ्यात घालून काठावरून फिरायचे. त्यांची पाठ पुन्हा ताठ झाली होती. लोक म्हणायचे, मास्तर दहा वर्षांनी लहान झाले, आणि ते खरं होतं.

आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी पाणबुड्या यायचा. रिकाम्या तलावात उताराने खाली जायचा, गुडघ्याखाली जुन्या पोत्याची घडी घ्यायचा आणि ब्रशने एकेक फरशी घासायचा. खोल बाजूला पोचेपर्यंत दुपार व्हायची. मास्तर वर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचायचे. उठताना पाणबुड्या एका हाताने भिंत धरायचा आणि थोडा वेळ तसाच वाकून उभा राहायचा. मास्तर तेव्हा पान उलटायचे.

चौथ्या की पाचव्या सोमवारी काम संपल्यावर मास्तरांनी नळ सोडला. मोठा नळ खोल बाजूच्या भिंतीत होता. पाणी आवाज करत आलं आणि घासलेल्या फरशीवर पसरलं. दर वेळी पाणी दिसलं की पाणबुड्या ब्रश आणि बादली उचलून उताराकडे चालू लागायचा. आज त्याने बादली उतारावर नेऊन ठेवली, विजारीचे पाय वर दुमडले आणि परत खोल बाजूला जाऊन उभा राहिला. पाणी त्याच्या बोटांवरून गेलं, मग घोट्यांपर्यंत आलं. मास्तर बघत होते. पाणी सावकाश चढत होतं आणि तो अजिबात हलत नव्हता. पोटऱ्या निम्म्या बुडाल्या तेव्हा त्याने डोळे मिटले.

“ये आता वर,” मास्तर म्हणाले.

“दाजी, गुडघ्यांवर येईपर्यंत थांबू द्या. वीतभर राहिलंय.”

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. वाचनालयाच्या काचेपलीकडे अंधार होता, दारांना कुलपं होती. सगळ्या इमारतीत ते दोघंच होते. कुणी बघितलं नसतं, कुणी विचारलं नसतं, आणि विचारलं असतं तर खोटं बोलायला आता त्यांना अडचण नव्हती. पण त्याला एवढं दिलं, तर उद्या तो कमरेपर्यंत मागेल. मग पोहायला मागेल. आणि असा माणूस पाण्यात सुखाने पोहताना रोज बघायचा म्हणजे रोज ती सकाळ बघायची. मास्तरांना ते नको होतं.

त्यांनी गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली. एकदाच, आखूड, लहान मुलांना बाहेर काढताना वाजवायचे तशी. मोकळ्या इमारतीत ती फार मोठी वाजली.

पाणबुड्याने डोळे उघडले. कुणाकडे न बघता तो पाणी कापत उतारापर्यंत आला, कठडा धरून वर चढला आणि काठावर बसून फडक्याने पाय पुसू लागला. आधी उजवा, मग डावा. बोटांच्या मधलं पाणीसुद्धा नीट टिपलं. विजारीचे पाय खाली सोडले. मग बादलीत ब्रश ठेवून त्याने विचारलं, की पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार सुट्टीचा आहे, तर मंगळवारी यायचं का.

मास्तर म्हणाले, मंगळवारी लोक असतात. आदल्या शनिवारी ये, संध्याकाळी, सगळे गेल्यावर.

“बरं,” तो म्हणाला, आणि एकेक पाय आडवा टाकत निघाला.